मी म्हणाले उतार

सरळ रॅम्प म्हणाले असते तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पेणच्या दवाखान्यातल्या मॅडम रॅम्पच म्हणाल्या होत्या. शेजारपाजारची पोरंसुद्धा रॅम्पच म्हणतात. पण मी पडले बालवाडीची बाई. वीस वर्षं पोरांना 'उंदीर, उडी, उतार' शिकवत आलेली. वरसे गावच्या काकूंना इंग्रजी शब्द काय कळणार, म्हणून फोनवर मी आपला शुद्ध मराठी शब्द वापरला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय खोटं नाही.

आधी घराचं सांगते. आमचं घर पेणजवळ, जोहे गावाच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेला आहे. घर आमचं, जागा आमची नाही. माझे सासरे काकूंच्या सासऱ्यांकडे शेतावर कामाला होते. त्यांनी सांगितलं, "बांध इथं खोपटं आणि राहा. वर्षाला पायलीभर वाल आणून दे." झालं. ना कागद ना सही. खोपटाचं मातीचं घर झालं, मातीच्या घराचं विटांचं झालं, घरपट्टी आमच्या नावानं यायला लागली, पण घराखालची भुई काकूंच्याच घराण्याची राहिली. होळीच्या सुमाराला पायलीभर वाल पोचवायचे, हेच भुईभाडं. सासूनं मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच हे बजावून ठेवलं होतं. पुढे काकूंच्या मुलाला कंपनीत नोकरी लागली आणि ते कुटुंब रोह्याजवळ वरशाला राहायला गेलं, तरी वाल जात राहिले. मी पेणहून गाडी धरायची, रोह्याला उतरायचं, वाल द्यायचे, काकूंच्या हातचा चहा प्यायचा आणि परत. यात कधी वाकडा शब्द आला नाही.

आमचे हे जोह्यातल्या, घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाला रंग कोणीही देईल, डोळ्यांना हात ठरलेल्या माणसाचाच लागतो. यांचा हात लागला की मालक दुसऱ्यांदा बघायचेसुद्धा नाहीत. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरचा साचा काढायला हे शिडीवर चढले, पाय सरकला आणि पाठीवर पडले. कुणाचा दोष नाही, शिडीचापण नाही. कमरेखालचं गेलं. हात शाबूत राहिले.

मालक भला माणूस. त्यानं निरोप धाडला, "टेबल खाली करून ठेवतो, खुर्चीत बसून आखा. सकाळी टेम्पो पाठवतो, संध्याकाळी आणून सोडतो." पण टेम्पोपर्यंत जायचं कसं? इकडे खाडीचं पाणी चढतं म्हणून सगळ्यांची जोती उंच. आमचं जोतं चांगलं दोन फूट, पुढे तीन पायऱ्या. मी म्हटलं, अहो, चौघं येतील आणि खुर्चीसकट उचलतील, त्यात काय एवढं?

"मला चौघांनी उचलायचं ते एकदाच," हे म्हणाले. "तवा मी काय बोलणार नाय. तोवर नको."

असलं तिरकं बोलून माझं तोंड बंद करायची यांना पहिल्यापासून सवय. मी चिडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. यांनी ऐकलं नाही. दवाखान्यात न्यायला उचलावंच लागायचं, तेव्हा हे डोळे गच्च मिटून घ्यायचे. एरवी दाराच्या चौकटीत खुर्ची आणून रस्त्याकडे बघत बसायचे. समोरून कारखान्याचे टेम्पो जायचे, कोरे गणपती भरलेले, डोळे नसलेले. मला बघवायचं नाही. मी उगाच भांडी घासत बसायचे.

मग दवाखान्यातल्या मॅडमनी रॅम्पचं सुचवलं. एक इंच उंचीला एक फूट लांबी धरा, म्हणजे माणूस स्वतः खुर्ची ढकलून जाऊ-येऊ शकतो, असा हिशोब त्यांनी कागदावर काढून दिला. दोन फुटाचं जोतं म्हणजे चोवीस फूट. मी घरी येऊन उंबऱ्यापासून सुतळी धरली तर ती आंब्याच्या बुंध्यापर्यंत गेली, म्हणजे अख्खं अंगण संपलं. मी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, चुन्याची फक्की टाकली. हे चौकटीतून बघत होते. पहिल्यांदाच काहीतरी बोलले.

"डावीकडं घे थोडी. आंब्याच्या मुळात जाशील."

त्या एका वाक्यावर मी आठवडाभर उडत होते, खरं सांगते. पण चोवीस फूट काँक्रीट दुसऱ्याच्या जागेत ओतायचं म्हणजे विचारायला नको? म्हणून काकूंना फोन लावला. काकूंना कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं, सावकाश, बालवाडीत बोलते तसं बोलले. माझे शब्द मला अजून पाठ आहेत.

"काकू, आमच्या घराच्या उताराचं बघायचं होतं. तुम्ही हो म्हणा, बाकी सगळं मी करते. कागद करायचा म्हणालात तर कागद करू. सही लागली तर मी येऊन घेऊन जाईन."

 मग काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "आता तूपण?" एवढंच म्हणाल्या आणि फोन बंद.

मला वाटलं रेंज गेली. पुन्हा लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, उचलला नाही. मी बुचकळ्यातच पडले. 'तूपण' म्हणजे काय? आणखी कोणी रॅम्प मागितला की काय? की पायलीत वाल कमी गेले? की गेल्या खेपेला त्यांच्या सुनेला मी काही बोलले? मी एकेक आठवत बसले. सुनेला मी म्हणाले होते, "बारीक झालीस गो." त्याचा कोणाला राग येतो का? यांना विचारलं तर हे म्हणाले, "सोड तो नाद." आणि खुर्ची आत घेतली. दोन दिवस चौकटीतसुद्धा आले नाहीत.

त्या रविवारी काकूंचा मुलगा मोटरसायकलवरून आला. हा माझ्या डोळ्यांसमोर लग्न झालेला माणूस, मला वहिनी म्हणणारा, आला की "चहा टाका" असं स्वतःच सांगणारा. पण त्या दिवशी गाडीवरून उतरला तो अंगणातल्या खुंट्यांकडे बघतच राहिला. मग मोबाइल काढून त्यानं माझ्या सुतळीचे फोटो काढले. चुन्याच्या फक्कीचे काढले. खिशातून टेप काढून अंगण मोजलं आणि हातावर पेननं लिहून घेतलं.

"अहो, काय झालंय?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाय?" तो म्हणाला.

"नाही ना! सांगाल तर कळेल."

"वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सासूबाई असत्या तुमच्या, तर असं झालं नसतं."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं हात जोडले आणि गाडीला किक मारली. पाणीसुद्धा प्यायला नाही! आमच्याकडे वैरीसुद्धा दारात आला तर पाणी विचारतात आणि वैरीसुद्धा दोन घोट घेतो. तो तांब्या हातात घेऊन मी अंगणात उभी राहिले आणि मला काही म्हणजे काही सुधरेना. भीतीपण वाटायला लागली. तोंडी शब्दावर उभं राहिलेलं घर आहे आमचं. शब्द फिरला तर पायऱ्या तीन काय आणि तीस काय, जायचं कुठे आम्ही?

गुंता सुटला तो शेजारणीमुळे. आणि तीही तो सोडवायला आली नव्हती, वाढवायलाच आली होती.

ती मंगळवारी तिन्हीसांजेला पदराखाली काहीतरी झाकून आली. "बरं केलंस गो बाय," म्हणाली, "उशिरा का होईना, तुला सुचलं. मी कवापासून सांगतेय, त्याला बाहेरची नजर हाय."

पदर काढला तर पत्रावळीवर भाताचा गोळा, त्यावर दही, हळदकुंकू, एक लिंबू, वर काळा दोरा. माणसावरून ओवाळून तिठ्यावर ठेवून यायचं, मागे वळून बघायचं नाही, तो उतारा.

"हे काय आणलंस?" मी ओरडले.

"तूच नाय का फोनवर वरडत होतीस त्या दिवशी? उताऱ्याचं बघायचंय, उताऱ्याचं बघायचंय? सगळ्या वाडीला ऐकू गेलं. म्हटलं, बाईमाणूस कुठं तिठ्यावर जाणार, आपणच करावं."

आतून हे खो-खो हसायला लागले. दोन वर्षांत मी यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. "ओवाळा, ओवाळा," म्हणाले, "दही चांगलं दिसतंय." पण माझं हसण्याकडे लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

उतार, उताराचं. उतारा, उताऱ्याचं. लिहून दाखवलं तर बालवाडीतलं पोरही फरक सांगेल. पण फोनवर, कमी ऐकणाऱ्या माणसाला? शेजारणीनं भिंतीआडून ऐकला तो भुताखेताचा उतारा. आणि काकूंनी ऐकला तो सातबाराचा. 'आमच्या घराच्या उताऱ्याचं बघायचं होतं. तुम्ही हो म्हणा. कागद करू. सही घेऊन जाईन.' अरे देवा! म्हणजे काकूंच्या कानाला मी काय मागितलं होतं? त्यांची जमीन! आणि त्यावर मुलगा येऊन बघतो तर अंगणात खुंट्या ठोकलेल्या, सुतळी ताणलेली, चुना टाकलेला. त्याला दुसरं काय वाटणार? कूळ लागतंय आपल्या जमिनीला, असंच वाटणार. त्याच्या जागी मी असते तर मीही पाणी प्याले नसते.

दुसऱ्या दिवशी बालवाडीला सुट्टी टाकली आणि त्या वर्षीचे वाल पिशवीत घालून पेणहून गाडी धरली. कासू गेलं, नागोठणं गेलं, मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. उतार शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढं पक्कं केलं होतं.

काकू आता बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. दार सुनेनं उघडलं आणि मला बघून आत गेली. काकू खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. मला बघितलं आणि त्यांनी तोंडच फिरवलं. मी वालाची पिशवी पायाशी ठेवली.

"काकू, रागावलात?"

"रागावू कशाला गो." त्या खिडकीकडेच बघत होत्या. "मना लाज वाटली."

"लाज? तुम्हाला?"

"तू उतारा मागितलास. माझ्याकडं कुठं हाय उतारा? पोरानं हक्कसोड लिहून घेतली माझी. अंगठा दिला मी. माझं नाव गेलं त्याच्यावरनं. आणि तू मालकीण समजून वाल आणतेस दरसाल. मी खातेय गपचूप. तुला काय तोंडानं सांगू, की बाय, मना नको देऊस आता, माझं काय नाय तिथं?"

हे काही मी जुळवून आणलेल्या वाक्यांत बसत नव्हतं. मी रागाची तयारी करून गेले होते. भांडणाची, रडण्याची, पाया पडण्याचीसुद्धा. ही म्हातारी माझ्याकडून माफी घ्यायची सोडून माझीच माफी मागत होती, आणि तीही भलत्याच गोष्टीची. मी गोंधळून त्यांचा हात धरला.

"काकू, मी जमीन नाही मागितली हो. मला चढउतार, नाही, म्हणजे, उतरतं, असं..." शब्दच सापडेना. मी हातानं तिरकी रेघ काढून दाखवली. काकू माझ्या हाताकडे बघत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, "घसरगुंडी! बालवाडीत असते ना, तशी. यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी. दारातून अंगणात."

"घसरगुंडी?"

"व्हय! पायऱ्यांवरून खुर्ची उतरत नाही ना यांची."

काकू हसता हसता खोकायला लागल्या, खोकता खोकता डोळे पुसायला लागल्या. "मग घसरगुंडी म्हणायचं ना मेले! उतारा उतारा काय करतेस! मी चार दिस जेवले नाय नीट." सून पाणी घेऊन धावत आली. मग चहा झाला. मग काकू हळूच म्हणाल्या, "मी पण दोन पावसाळे खाली नाय उतरले गो. गुडघे ऐकत नाय. चार माणसं लागतात. पोरगा म्हणतो उचलतो, पण सगळी बिल्डिंग बघते."

 मला घरी चौकटीत बसलेल्या यांची आठवण झाली आणि दोघांचाही एकदमच राग आला.

मुलगा शिफ्ट संपवून आला तोवर मी थांबले. घसरगुंडीचं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला, फोटो माझ्यासमोर मोबाइलमधून काढून टाकले, दोनदा सॉरी म्हणाला. वाटलं, सुटलो. पण मग तो मान खाजवत बसला.

"वहिनी, कराच तुम्ही. फक्त पक्कं नको. काँक्रीट झालं की उद्या कोण काय म्हणेल. माझी बहीण हाय, चुलते हायत. कच्चं काय ते करा."

"कच्च्यावरून खुर्ची कशी जाणार हो?"

"ते मी काय सांगू? पण बांधकाम नको."

"माझं तोंड हाय अजून," काकू पलंगावरून म्हणाल्या. "कुणी विचारलं तर सांग, म्हातारीनं सांगितलं."

म्हणजे हो की नाही? ज्याच्या नावावर जमीन तो म्हणतो करा पण करू नका. जिच्या नावावर काही नाही ती म्हणते बेलाशक कर. परतीच्या गाडीत मी हे दहा वेळा उलटंपालटं केलं आणि दहाही वेळा मला वेगळं उत्तर आलं. घरी पोचले ती थकून, वैतागून. यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील सोड तो नाद.

यांनी परसदाराकडे बघितलं. मग म्हणाले, "माती कोणाची?"

"कसली माती?"

"परसातली. जागा त्यांची तर मातीपण त्यांचीच ना? त्यांचीच माती परसातनं काढायची आणि त्यांच्याच अंगणात घालायची. आपण त्यात काय बांधलं? इकडची माती तिकडं केली. त्याला बांधकाम कोण म्हणंल?"

यांचा जन्म मातीत गेला, मला हे कसं सुचलं नाही देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. इकडे पावसाळा सरला की झोडणीसाठी खळं करतात, अंगण खणून, भिजवून, लाकडी चोपण्यानं चोपून चोपून दगडासारखं घट्ट करतात. तसंच चोवीस फूट करायचं, फक्त तिरकं. खाली दगडगोटे, वर मुरूम, वर भाताचा तूस मिसळलेली माती. मी, शेजारीण आणि तिच्या दोन जावा, आम्ही चोपत होतो. हे चौकटीत बसून हुकूम सोडत होते. "तिथं पोकळ वाजतंय. पुन्हा." "पाणी जास्त झालं." "कडेला बोटभर उंच ठेव, चाक घसरंल." शेजारीण म्हणाली, "गणपतीला तरी एवढा छळलास का रे?" माझ्या तळव्यांना फोड आले. आठ दिवसांनी शेणानं सारवलेला सुरेख उतार दारात तयार झाला. वाळला, तडकलासुद्धा नाही. शेजारणीनं त्याच्यावरून खाली-वर येऊन दाखवलं आणि खुर्चीत दोन पोती तांदूळ ठेवून खुर्चीही उतरवून दाखवली.

आणि हे उतरले नाहीत.

पहिल्या दिवशी म्हणाले, ओल असेल अजून. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ऊन फार आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आज अमावस्या. कारखान्यातून दोनदा निरोप आला, मूर्ती रंगून तयार आहेत, डोळ्यांसाठी थांबल्यात. चौथ्या दिवशी माझा तोल गेला.

"आता काय अडलंय? पायऱ्या होत्या तेव्हा पायऱ्या. आता सांगा ना काय अडलंय!"

"माहीत नाय," हे म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे?"

"माहीत नाय म्हणजे माहीत नाय गो! ओरडू नको. उंबऱ्याशी येतो आणि हात चाकावरनं हलत नाय."

यांचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही. मी इतके दिवस पायऱ्यांशी भांडत होते. पायऱ्या गेल्या तर समोर हेच. आता कोणाकडे परवानगी मागायला जायचं?

आणखी दोन दिवस तसेच गेले. परसात माती काढलेला खड्डा होता, त्याच्या कडा ढासळायला लागल्या म्हणून मी सकाळीच शेणमाती कालवून तिथे लिंपत बसले होते. पुढे रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. तशाच बरबटलेल्या हातांनी घराच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि बघतच राहिले. रिक्षात काकू! कुंकवासारखं लाल तोंड झालेलं, घामानं निथळत, मांडीवर पंचा. शेजारी मुलगा.

"मना घसरगुंडी बघायची होती," त्या सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "चौघांनी उचलली मना, प्लॅस्टिकच्या खुर्चीत घालून. दोन जिने! सगळी बिल्डिंग दारात येऊन बघत होती. मी पण बघितलं त्यांच्याकडं. मेले का? नाय ना मेले?"

दारात, चौकटीत, हे खुर्चीवर बसले होते. यांनी मान खाली घातली.

"उतरा ना काकू, आत चला," मी म्हटलं.

"नाय गो. एवढं चढवणार नाय मना. इथनंच बघते." त्यांनी उताराकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. मुलाकडे वळून म्हणाल्या, "यात कुठं हाय रे पक्कं? मातीच तर हाय." मग पंच्यानं तोंड पुसलं. "घसा पार सुकला. या घरात कोण पाणी विचारील का नाय?"

पाण्याचा माठ आत दाराशीच असतो, यांच्या उजव्या हाताला. यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझे दोन्ही हात वर करून दाखवले, कोपरापर्यंत शेण. खरं म्हणजे कोपऱ्यावर ठेवलेली पाण्यानं भरलेली बादली माझ्या पायाशीच होती. हात बुडवले असते की झालं असतं. मी बुडवले नाहीत. काकूंचा मुलगा रिक्षातून उतरायला लागला तसा काकूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो बसून राहिला.

 यांनी माठातून तांब्या भरला. मांडीवर ठेवला. मग खुर्ची उंबऱ्याशी आणली आणि थांबले.  मग पुढची चाकं उतारावर आली आणि हे निघाले, दोन्ही हातांनी चाकं धरत, सोडत, धरत. पाणी यांच्या पायांवर सांडत होतं, ते यांना कळत नव्हतं. मध्यावर खुर्ची जरा वेगात आली, माझ्या तोंडातून "अहो!" निघालं, पण कडेला ठेवलेली बोटभर माती चाकाला लागली आणि खुर्ची सरळ झाली. आंब्याखाली हे थांबले. तिथून रिक्षापर्यंत सपाट.

तांब्यात अर्धंच पाणी उरलं होतं. काकूंनी दोन घोट घेतले आणि उरलेलं मुलापुढे धरलं. तो खाली बघून ते सगळं प्यायला.

"उतरलास?" काकूंनी विचारलं.

"उतरलो, काकू."

"आता चढशील कसा?"

मॅडमच्या हिशोबात चढणंही होतं, पण त्याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. सगळं घोडं उतरण्यापाशी अडलं होतं. मी तशीच, शेणाचे हात घेऊन पुढे झाले. म्हटलं, थांबा, मी मागून ढकलते.

"चढायचं संध्याकाळी बघू," हे म्हणाले आणि यांनी खुर्ची रस्त्याकडे वळवली. "मालकाला फोन कर. म्हणावं, टेम्पो नको. मी निघालोय."